इंगोले मॅडमची दोन खाटांएवढी जागा

झाडू नका, असं सांगणारा साहेब मला अख्ख्या नोकरीत एकच भेटला, आणि तो साहेब नव्हता, बाई होती.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. परिचर म्हणजे काचा पुसणारा, बरण्यांवरची धूळ काढणारा, सूक्ष्मदर्शकाच्या पेट्या या टेबलावरून त्या टेबलावर नेणारा. स्वभावानं तापट. घरची म्हणते, तुमच्याशी बोलायचं म्हणजे तव्यावर हात ठेवायचा. तर अशा माणसाला इंगोले मॅडम रुजू झाल्या त्याच आठवड्यात म्हणाल्या, "दिनकरभाऊ, मागच्या भिंतीजवळची जागा झाडत नका जाऊ."

"काहून? कचरा दिसन न मॅडम."

"दिसू द्या. खराट्यानं भोकं बुजतात."

बोअरवेल आणि कंपाउंडची भिंत, यांच्या मधली ती जागा. दोन खाटा टाकल्या तर तिसरीला जागा नाही, एवढीच. कधीकाळच्या बांधकामाचा मुरूम तिथं दाबून बसलेला, त्यामुळे गवताचं पातं उगवत नव्हतं. मला वाटलं, बाई भातकुलीकडची, शेतकऱ्याच्या घरची, हिला मातीचं कौतुक कसलं? मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम खराटा घेऊन गेलो. मॅडम आधीच तिथं होत्या. जागेच्या काठावर त्यांच्या चपला काढलेल्या, देवळाबाहेर काढतात तशा, आणि त्या स्वतः पालथ्या झोपलेल्या. कॉटनची इस्त्रीची साडी, आणि बाई मुरमावर पालथी. मला म्हणाल्या, "या. चपला काढा. आधी पाहा, मग बोला."

हे त्यांचं पालुपद. पोट्ट्यांना, मला, प्राचार्यांना, भाजीवालीलासुद्धा. आधी पाहा, मग बोला.

मी पालथा झोपलो नाही, उकिडवा बसलो. अर्धा तास बसलो. मग शेंगदाणा मावेल एवढ्या भोकातून मातीचा एक कण वर आला, मग दुसरा, आणि मागून एक तोंड आलं. मधमाशीसारखंच, पण बारीक. तिनं कण बाहेर ढकलला, माझ्याकडे पाहिलं असं मला तरी वाटलं, आणि मागच्या मागे आत गेली.

मॅडमनी सांगितलं, हिला पोळं नाही, राणी नाही, कामकरी नाहीत. एकांडी आहे. एकटी खणते, हातभर खोल जाते, बाजूला खोल्या काढते. फुलाफुलातून पराग आणून एकेका खोलीत त्याचा लाडू ठेवते, लाडवावर एक अंडं घालते, खोली बंद करते आणि मरून जाते. लेकरू वर्षभर आत. पुढच्या शिवरात्रीच्या आसपास, ऊन जमिनीत उतरलं की माती उकरून आपलं आपण बाहेर येतं.

"चावते का?"

"तुमच्यापेक्षा कमी," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी तिथं खराटा मारला नाही.

मॅडम एकट्या राहत, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. लग्न का केलं नाही, असं विचारायची कोणाची छाती झाली नाही. संत्रं सोलत तर एका दमात सोलत, साल अखंड निघाली पाहिजे, तुटली तर ते संत्रं दुसऱ्याला देत आणि नवीन घेत. त्यामुळे थंडीभर मला संत्री खायला मिळाली. कोणाला "सॉरी" म्हणत नसत. चुकलं तर "चुकलं" म्हणत आणि लगेच निस्तरायला लागत. वर्गात पुस्तकातली मराठी, प्रयोगशाळेत आपली वऱ्हाडी. पोरं त्यांना माशी मॅडम म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

त्यांच्याकडे एक डबी होती, जुन्या काळी कॅमेऱ्याचा रोल जिच्यात यायचा ती काळी डबी. तिच्यात समुद्राची वाळू. समुद्र मॅडमनी आयुष्यात एकदाच पाहिला, मुलांची सहल घेऊन कोकणात गेल्या तेव्हा. सगळी पोरं लाटांत, आणि मॅडम किनाऱ्यावर बसून वाळू चाळत होत्या, असं ती पोरंच सांगत. त्या वाळूतली चिमूटभर काचेवर टाकून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. ज्वारीच्या कण्या असतात ना, तसं काहीतरी दिसलं. मग नीट पाहिलं तर त्यातली एक, कणी नव्हतीच. बारक्या बारक्या कणांनी जोडलेलं, नळीसारखं, आत पोकळ घर होतं.

"हे कोणी बांधलं?"

"एका पेशीनं. समुद्राच्या तळाशी राहते. फोरॅमिनिफेरा म्हणतात, पण तुमी नाव सोडा. डोळा नाही, हात नाही, डोकं नाही. तरी वाळूतून कण निवडते. हा पायजे, हा नको. आंगातून चिकटा काढते आन् कणाले कण लावते."

"आमची घरची ज्वारी पाखडते तसं?"

"तसंच. फक्त सूप नाई."

याच्यावरून त्यांचा तोंडी परीक्षेतला प्रश्न. दर वर्षी, दर विद्यार्थ्याला, न चुकता. जमीन खणणारी माशी आणि समुद्रातला एकपेशीय जीव, यांच्यात सारखं काय? पोरं गांगरायची. एकीला सहा पाय, चार पंख, दुसरीला अंगच धड नाही. एक वऱ्हाडातल्या मुरमात, दुसरी समुद्रात. कोणी म्हणे दोघींना घर लागतं, कोणी म्हणे दोघी एकट्या. मॅडम कोणतंही उत्तर घेत, मार्क देत. फक्त "काहीच सारखं नाही" म्हटलं की चेहरा उतरायचा. त्या पोराला मग तासभर त्या जागेजवळ स्टुलावर बसावं लागे. अकोटकडची एक मुलगी होती, भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्याच्या घरची. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मॅडम, दोघीबी मजूर लावत नाईत." मॅडम एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. तिला पैकीच्या पैकी. पण स्वतःचं उत्तर काय ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाल्या, "पाहून राह्यले न मी अजून."

अशी अकरा वर्षं गेली. प्रत्येक भोकाजवळ त्या रंगीत दोरा गुंडाळलेली आगकाडी रोवत, वहीत नकाशा काढत. आणि मग मॅडमच्या निवृत्तीचं वर्ष आलं, आणि त्याच वर्षी मागच्या आवारात दुचाक्या लावायची सोय करायचं ठरलं. सगळीकडे पेव्हर ब्लॉक. भिंतीपासून भिंतीपर्यंत.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. जानेवारीत स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ते म्हणाले, "मॅडम, अकरा वर्षं मी त्या माश्यांबद्दल ऐकतो आहे. मला एकही दिसलेली नाही." खरंच होतं ते. सर यायचे तर बरोबर चार माणसं, बुटांचा धाडधाड आवाज, माश्या काय थांबतात?

मॅडम म्हणाल्या, "फेब्रुवारी संपेपर्यंत थांबा, सर. माझा शेवटचा दिवस तोच आहे. तोवर निघतील."

"ठीक. माझ्या डोळ्यांनी दिसल्या तर मी स्वतः त्या जागेला कुंपण घालून देईन. नाही दिसल्या तर एक मार्चला काम सुरू. मग तुम्ही मध्ये यायचं नाही."

"नाही येणार. शब्द दिला."

मला तो शब्द आवडला नाही. शब्द देताना माणसानं पळवाट ठेवावी. म्हणून मी माझी अक्कल चालवली. त्या रविवारी एक गोल दगड आणला, त्याला शेंदूर लावला, दोन झेंडूची फुलं वाहिली आणि जागेच्या कोपऱ्यात ठेवून दिला. देवाच्या जागेवर कोण पेव्हर टाकतो? बुधवारपर्यंत पोरं परीक्षेच्या भीतीनं हात जोडायला लागली. गुरुवारी कोणीतरी नारळ फोडला.

मॅडमनी दगड उचलला, नळाखाली धुतला आणि माझ्या हातात दिला. "खोट्या देवानं वाचलेली जागा मले नको, भाऊ. आन् नारळाचं पाणी कुठी गेलं ते पाह्यलं का? सरळ भोकात."

मी चिडलो. म्हटलं, "मरा मग खरं बोलून."

"पाहू," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्या परीक्षेच्या कामासाठी चार दिवस अमरावतीला गेल्या. आणि त्या चार दिवसांत मी जे केलं ते आठवलं की अजून माझे कान तापतात.

सर एकदा मागून फिरताना म्हणाले होते, "किती भकास दिसतं हे." ते माझ्या डोक्यात बसलं. मला वाटलं, जागा भकास दिसते म्हणून नडते आहे. देखणी दिसली तर सर हात लावणार नाहीत. आमच्याकडे पाहुणा यायचा असला की अंगण सारवतात. मी घरचीला बोलावलं, दोन टोपली शेण आणलं, पांढरी माती कालवली, आगकाड्या उपटून बाजूला ठेवल्या आणि ती जागा अशी सारवली की लग्नघराच्या अंगणानं लाजावं. घरचीनं वर रांगोळी काढली. झाडू नका असं मॅडम म्हणाल्या होत्या, सारवू नका असं कुठं म्हणाल्या होत्या? आणि टिकावं म्हणून मी कालवताना दोन मुठी सिमेंट टाकलं.

सरांनी पाहिलं. "वा, दिनकर," म्हणाले. मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

मॅडम आल्या, बॅग खाली न ठेवताच मागे गेल्या. मी मागोमाग. त्यांनी चपला काढल्या, गुडघ्यावर बसल्या, तळहात जमिनीवर ठेवला आणि तसाच ठेवून राहिल्या. मग विचारलं, "किती जाड?"

"बोटभर."

"शेण किती, माती किती?"

मी सांगितलं. सिमेंटचं सांगितलं नाही. तोंडातून निघेचना.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी उलटून बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. त्या एवढंच म्हणाल्या, "लेपाच्या खाली येऊन बसल्या असतील आता त्या. वर यायची वाट पाहून राह्यल्या असतील."

त्या रोज सकाळी येऊन तांब्याभर पाणी हातानं शिंपडू लागल्या, लेप मऊ पडावा म्हणून. लेप मऊ पडेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी नखानं टोकरून पाहिलं, नख मोडलं. त्यांनी नुसतं बोट पाहिलं. मग माझ्यानं राहवेना.

"मॅडम, त्याच्यात सिमेंट हाय. दोन मुठी. म्या टाकलं."

त्यांनी हात झटकले. मग म्हणाल्या, "दाभण आणा."

दाभण म्हणजे पोती शिवायची मोठी सुई, कापसाच्या मुलखात घरोघर असते. मी दोन आणल्या. आगकाड्या तर मी उपटल्या होत्या, मग भोकं कुठं होती ते कळायचं कसं? मॅडमनी वही काढली. भिंतीपासून चार विती, बोअरच्या पायापासून सात विती, असा सगळा नकाशा. मी वीत टाकायला हात पसरला तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"ते वीत माही हाय, भाऊ. तुमचा पंजा मोठा."

तर असं झालं, की वीत टाकायची त्यांनी आणि टोचायचं मी. वळवून वळवून, हलक्या हातानं, लेपापुरतंच. अकरा दिवस, रोज तास सुरू व्हायच्या आधी. त्यांचे गुडघे दुखत, उठताना त्या माझ्या खांद्यावर भार टाकत. मला वाटायचं, आता तरी दोन शिव्या द्या बाई. शिवरात्र झाली. थंडी गेली. एकही माशी वर आली नाही.

एकदा टोचता टोचता मी विचारलं, "आतल्या आत मेल्या असतील का?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला ऐकला मी.

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस उजाडला. बारा वाजता सभागृहात निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, भाषणं. जाताना मॅडम मला म्हणाल्या, "तुमी तिकडे येऊ नका. अठीच बसा."

मी काठावर बसलो. सभागृहातून माइकचा आवाज येत होता, मॅडमच्या शिस्तीबद्दल कोणीतरी बोलत होतं. ऊन चांगलं तापलं होतं. माझं लक्ष भिंतीजवळच्या एका भोकावर होतं, का ते माहीत नाही. तिथला सिमेंटचा चुरा हलला. वाऱ्यानं असेल म्हटलं. वारा नव्हता. चुरा परत हलला, बाजूला झाला, आणि तोंड वर आलं. तोंडावर पांढरी लव. ते कितीतरी वेळ तसंच थांबलं, मग सगळं अंग बाहेर आलं, पंख झटकले आणि उडालं.

मी धावलो. सर भाषण करत होते. मी दारातूनच म्हणालो, "निघाली." सगळं सभागृह माझ्याकडे पाहायला लागलं. मॅडम शाल अंगावर तशीच घेऊन उठल्या. मागून सर, मागून सगळे. काठावर पोचताच मॅडमनी दोन्ही हात आडवे केले, "चपला." निम्म्यांनी काढल्या, निम्मे लांब थांबले. सरांनी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. एवढ्या माणसांच्या पायांच्या आवाजात कोण वर येणार?

"कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"उडाली, सर. म्या पाह्यली. माह्या डोळ्यानं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "दिनकर, इथे शेंदूर तुम्हीच लावला होता ना?"

जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं मला. माझ्या एका दगडानं मॅडमची अकरा वर्षं खोटी पडली होती.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तोंडावर पांढरं होतं?"

"हो. लव होती."

"मग नर. नर आधी निघतात." त्या सरांना म्हणाल्या, "दगड खोटा होता, सर. हे खरं आहे. पण तुम्हाला दिसली नाही, तर शब्द तो शब्द. मी उद्या मध्ये येणार नाही."

संध्याकाळी मी त्यांची पेटी घेऊन एसटी स्टँडवर गेलो. त्या भातकुलीला भावाकडे राहायला चालल्या होत्या, अमरावतीची गाडी लागली होती. मी म्हटलं, एक दिवस थांबा, सकाळी येऊन नुसतं पाहा तरी. त्या म्हणाल्या, आले तर मध्ये आल्यासारखंच होईल. मग खिडकीतून ती काळी डबी माझ्या हातात दिली. मला भडभडून आलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आता तर सांगा मॅडम. सारखं काय दोघीत?"

"ते पेशी जवा पिलं करते न, तवा सगळी आपलीच पिलं होऊन जाते. मागं रिकामं घर ऱ्हाते. आन् माशी खोली बंद करून मरते. दोघीबी लेकराचं तोंड पाहत नाईत." त्यांनी पदर सावरला. "पण कण मात्र निवडून लावतात." गाडी निघाली. त्या संत्रं सोलत होत्या, साल अर्ध्यापर्यंत अखंड आली होती, आणि मग गाडी वळली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता पेव्हरचा ट्रक आला. फाटकाकडून काम सुरू झालं. मी प्रयोगशाळेत बरण्या पुसत बसलो, खिडकी लावून घेतली. अकराच्या सुमारास मागे गलका झाला म्हणून धावत गेलो. मजूर टोपली, फावडी टाकून भिंतीशी उभे होते. जागेवर वीतभर उंचीवर माश्याच माश्या. नुसते नर. इकडून तिकडे, तिकडून इकडे, जमिनीला चिकटून घिरट्या घालत होते. दाभणानं पाडलेल्या एकेका भोकातून आणखी वर येत होते. मुकादम म्हणत होता, चावल्या तर जबाबदार कोण? मी सरळ माश्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. "नर हायेत. यायले डंखच नसते," मी सांगितलं.

काम का थांबलं म्हणून सर तणतणत आले. काठावर आले आणि थांबले. मग मुकादमाला म्हणाले, "एवढी जागा सोडा." आणि थोड्या वेळानं, "कुंपणाची तार मागवतो मी."

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. पलीकडे गाय हंबरत होती.

"मॅडम, निघाल्या. शंभर तरी असतील. सरांनी पाह्यल्या. जागा राह्यली, मॅडम."

मला वाटलं फोन कटला. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग त्यांचा नेहमीचा, परीक्षेतला आवाज.

"तुमी उभे कुठी हा, भाऊ?"

"जागेवरच, मॅडम. मधात."

"आन् पायात काय हाय?"

मी खाली पाहिलं. तिथंच, एका पायावर उभं राहून, आधी एक चप्पल काढली, मग दुसरी, दोन्ही हातात घेतल्या आणि पाऊल कुठं पडतं ते पाहत पाहत बाहेर आलो.